दुकानदार खरा की भाचा?

मिरजेहून एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून थोडं काटून देतो.

'माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आहे, विंडोज ११ चा. बाहेरच्या खोलीत यांचा जुना डेस्कटॉप आहे, त्यात विंडोज ७. पत्रिका काढायचं जुनं सॉफ्टवेअर आणि सोसायटीचा हिशेब त्यावर आहे, बँकेचं खातंही हे तिथूनच बघतात. दुकानदारानं दोन्हींवर एकाच पाकिटातला अँटिव्हायरस टाकून दिला होता. त्याची मुदत संपत आली आहे, रोज कोपऱ्यात लाल पट्टी येते. दुकानदार म्हणतो, तीन वर्षांचे २,४०० भरा, विंडोजमधलं फुकटचं ते फुकटचंच. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, एक रुपया देऊ नकोस, आतलंच पुरतं. त्यात मागच्या आठवड्यात नेटवर पाककृती शोधत होते, तर अचानक सगळी स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजायला लागला आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत, या नंबरवर ताबडतोब फोन करा" असं आलं. मी घाबरून बटणच बंद केलं. नातवंडांचे सगळे फोटो या लॅपटॉपमध्ये आहेत. मी कोणाचं ऐकू?'

बाई, (शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही) लॅपटॉपपुरतं भाच्याचं ऐका. डेस्कटॉपपुरतं दोघांचंही ऐकू नका. आणि निळ्या स्क्रीनला घाबरून तुम्ही बटण बंद केलंत ते उत्तम केलंत, कारण तो व्हायरस नव्हताच. त्या नंबरवर फोन लावला असतात तर मात्र पत्र वेगळं लिहावं लागलं असतं.

आधी 'फुकटचं ते फुकटचंच' याबद्दल. मी स्वतः बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं आहे आणि हेच वाक्य गिऱ्हाइकांना शेकडो वेळा ऐकवलं आहे. तेव्हा ते खोटं नव्हतं. विंडोजमधल्या त्या फुकटच्या पहारेकऱ्याचं नाव 'डिफेंडर'; विंडोज ७ मध्ये या नावाचं जे होतं ते फक्त हेरगिरी करणारे प्रोग्रॅम शोधायचं, पुरता अँटिव्हायरस ते नव्हतंच. मायक्रोसॉफ्टचा खरा अँटिव्हायरस 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' या नावानं २००९ मध्ये आला आणि तो वेगळा उतरवून घ्यावा लागायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा डिफेंडर पहिल्यांदा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून आतच बसून आला. पण त्याच वर्षाच्या अखेरीस जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या एव्ही-टेस्ट या तपासणी संस्थेनं सिक्युरिटी इसेन्शियल्सला प्रमाणपत्र नाकारलं होतं. पुढची दोनतीन वर्षंही मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस या चाचण्यांत तळाशीच असायचा. म्हणून आम्ही दुकानदार छातीठोकपणे सांगायचो की वरून काहीतरी घ्याच.

आपल्याकडे त्याला आणखी एक कारण होतं. नव्वदीच्या दशकात, फ्लॉपीच्या काळात, इथल्या कॉम्प्युटरांवरचे व्हायरस साफ करणारं औषध पुण्यातच तयार झालं. साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे काटकर बंधू, थोरल्याचं कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं काम, धाकट्याचा प्रोग्रॅमिंगचा हात, त्यातून क्विक हील उभं राहिलं आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारातही गेली. गल्लीतल्या दुकानदारापर्यंत पाकिटं पोचवायची, त्याला त्यात चार पैसे सुटतील हे बघायचं, अशी सगळी साखळी महाराष्ट्रात बसली. ती साखळी अजून चालू आहे, आणि तुमचा दुकानदार त्यातलाच एक आहे. तो लबाड आहे असं मी म्हणणार नाही. त्याचं वाक्य जुनं झालंय, एवढंच.

कारण मधल्या काळात डिफेंडर सुधारला. पूर्वी अँटिव्हायरसचं काम पोलीस ठाण्यातल्या फोटोंच्या फलकासारखं होतं. फलकावर ज्याचा फोटो आहे तो चोर, ज्याचा नाही तो सभ्य. रोज नवे फोटो आले नाहीत तर फलक निरुपयोगी. आता अनोळखी फाइल दिसली की डिफेंडर तिची खूण इंटरनेटवरून मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांना विचारतो, आणि फाइल उघडल्यावर ती काय उद्योग करते यावरही नजर ठेवतो. जगभरच्या कोट्यवधी विंडोज कॉम्प्युटरांवर तोच पहारेकरी बसलेला असल्यामुळे एका ठिकाणी दिसलेला नवा चोर दुसरीकडे लवकर ओळखू येतो. ज्या एव्ही-टेस्टनं एकेकाळी प्रमाणपत्र नाकारलं होतं तीच संस्था गेली काही वर्षं डिफेंडरला सहापैकी सहा गुण देते आहे, विकतच्या नावाजलेल्या अँटिव्हायरसांच्या रांगेत.

आणि तो फुकट नाही, बाई. लॅपटॉपच्या किमतीत विंडोजचे पैसे तुम्ही भरले आहेत, हा त्यातलाच पहारेकरी आहे. खरोखर फुकट वाटला जाणारा बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर मी जास्त सावध होईन. अवास्ट या प्रसिद्ध कंपनीनं आपल्या वापरकर्त्यांनी कुठल्या कुठल्या वेबसाइट बघितल्या याची माहिती एका पोटकंपनीमार्फत विकली होती. २०२० मध्ये ते उघडकीला आलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. पहाऱ्यावर ठेवलेलाच घरातल्या गोष्टी बाहेर विकत होता.

डिफेंडरमध्ये खोट नाही का? आहे की. इंटरनेट नसताना त्याची नजर कमजोर होते. ऑस्ट्रियातल्या एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्थेच्या चाचण्यांत हे वारंवार दिसलं आहे. त्याच चाचण्यांत तो मशीनचा वेग थोडा जास्त खातो असंही दिसतं. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर तर ते जाणवतंच. टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला की 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' नावाचं कोणीतरी वर ठाण मांडून बसलेलं दिसतं, तो हाच. लोक त्याला व्हायरस समजून मारायला बघतात. मारू नका, तपासणी संपली की तो शांत होतो. आणखी एक गोष्ट. फसव्या वेबसाइट अडवायचं डिफेंडरचं काम मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या एज ब्राउझरमध्ये चांगलं चालतं. क्रोममध्ये ते काम गूगलची स्वतःची यंत्रणा करते, ती बंद केलेली नसेल तर पुरेशी आहे.

आता लॅपटॉपवर करायचं काय ते सांगतो. मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच पडू देऊ नका. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. बाहेरचा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, आणि बाहेरच्याची मुदत संपून तो नुसता लाल पट्ट्या दाखवत राहिला तर नक्की पहारा कोण देतंय हेच कळत नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीतून तो काढून टाका, मशीन बंद करून चालू करा. मग घड्याळाशेजारची ढाल उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'वर हिरवी खूण दिसली की डिफेंडर कामाला लागला. तिथंच 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू आहे ना ते बघा. ते असेल तर एखादा प्रोग्रॅम गुपचूप डिफेंडरचं तोंड दाबू शकत नाही.

पण सगळ्यात आधी एक ठिकाण तपासा, कारण हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता आश्चर्यही वाटत नाही. त्याच पानावर सेटिंग्जमध्ये खाली 'एक्सक्लूजन्स' नावाची यादी असते. डिफेंडरनं कुठं बघायचं नाही याची ती यादी. नव्या लॅपटॉपवर कोणी चोरीचं ऑफिस किंवा फोटोशॉप टाकून देतं, तेव्हा त्यासोबतचा 'अ‍ॅक्टिव्हेटर', म्हणजे पैसे न भरता ते चालू करून देणारा प्रोग्रॅम, डिफेंडर पकडतो. मग टाकणारा माणूस काय करतो, तर त्या यादीत अख्खा सी ड्राइव्ह घालून मोकळा होतो. ढाल हिरवी, सगळं छान, आणि पहारेकऱ्याला सांगून ठेवलेलं की घरात बघू नकोस. एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर मला हे सापडलं तेव्हा ते वर्षभर तसंच चाललेलं होतं. तुमच्या यादीत काही असेल तर काढून टाका. आणि ऑफिस 'दुकानदारानं असंच टाकून दिलेलं' असेल तर तेही काढा. पत्रं आणि हिशेब लिहायला लिब्रेऑफिस रीतसर फुकट मिळतं, मराठीही नीट चालतं.

'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' नावाचं एक बटण आहे, मुळात बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये ढवळाढवळ करता येत नाही. चांगलं आहे, पण जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरं त्याला अनोळखीच वाटतात, आणि मग लिहिलेलं सेव्ह होत नाही म्हणून फोन येतात. भाचा शेजारी असताना चालू करून बघा, त्रास झाला तर बंद करा. त्यापेक्षा फोटोंची दुसरी प्रत ठेवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ते २,४०० अँटिव्हायरसला घालण्यापेक्षा बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्ककडे वळवा. महिन्यातून एकदा फोटो त्यावर उतरवा आणि लगेच वायर काढून कपाटात ठेवा. वायर काढणं विसरू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही सोडत नाहीत.

पेन ड्राइव्हचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण शिक्षिका म्हटलं की झेरॉक्सच्या दुकानात फेऱ्या आल्याच. तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभरात गावातले सगळे पेन ड्राइव्ह लागतात. घरी आल्यावर फोल्डरच्या चित्राखाली छोटा बाण दिसला आणि उघडायला गेलं तर काही भलतंच चालू झालं, हा अनुभव कोणाला नाही? त्या बाणावर दोनदा क्लिक करू नका. आधी पेन ड्राइव्हवर उजवं क्लिक करून डिफेंडरनं तपासायला सांगा. तुमच्या फायली बहुधा तिथंच असतात, फक्त लपवलेल्या. आणि खरं तर आता पेन ड्राइव्ह नेऊच नका, पीडीएफ करून दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

आता निळी स्क्रीन. ते ब्राउझरमध्ये उघडलेलं एक साधं पान होतं. पूर्ण पडदा व्यापलेलं, त्यात आवाजाची फाइल लावलेली. पाककृतीच्या पानावरच्या एखाद्या जाहिरातीतून तुम्ही तिकडे ओढल्या गेलात. कॉम्प्युटरमध्ये शिरायला त्यांना तुमचा फोन हवा असतो. नंबर लावला की पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखं अ‍ॅप उतरवायला सांगतो, तुमच्या स्क्रीनचा ताबा घेतो आणि 'हे बघा किती व्हायरस' म्हणत कॉम्प्युटरच्या नेहमीच्या नोंदी दाखवतो. तोवर तुम्ही बँकेचं पान उघडलेलं असतं. इथं डिफेंडर काय करणार आणि दुकानदाराचं २,४०० चं पाकीट तरी काय करणार? एनीडेस्क हा काही व्हायरस नाही, चांगल्या कामांनाही वापरतात, आणि दार तर तुम्हीच उघडून दिलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात कधीही फोन नंबर नसतो. नंबर दिसला की खोटं, इतकं सोपं. पुन्हा असं झालं तर एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ ४ एकदम दाबा. ब्राउझर परत उघडताना 'आधीची पानं उघडू का' विचारलं तर नको म्हणा. घरात कोणाकडून पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी सायबर मदत नंबरवर कळवा. पैसे अडवता येण्याची शक्यता पहिल्या तासांतच असते.

तुमची ती रोजची लाल पट्टीसुद्धा एकदा नीट वाचा. ती खरोखर तुमच्या अँटिव्हायरसची असू शकते. पण पट्टीच्या वर 'गूगल क्रोम' लिहिलं असेल आणि खाली बारीक अक्षरात एखाद्या वेबसाइटचं नाव असेल, तर ती वेबसाइटची सूचना आहे. कधीतरी एखाद्या पानानं 'सूचना पाठवू का' विचारलं आणि तुम्ही 'अलाऊ' दाबलंत, तिथून हे सुरू झालं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स', तिथली अनोळखी नावं पुसून टाका. माझा अंदाज असा की ही पट्टी बघून घाबरून पैसे भरणाऱ्या लोकांपैकी बऱ्याच जणांच्या कॉम्प्युटरला काहीही झालेलं नसतं.

आणि आता बाहेरच्या खोलीतला डेस्कटॉप. पत्र वाचताना मला धास्ती वाटली ती याची. दुकानदार आणि भाचा लॅपटॉपवरून भांडतायत, आणि तुमचे यजमान विंडोज ७ वरून बँकेचं खातं बघतायत.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी डागडुजी (म्हणजे सुरक्षेचे अपडेट) पाठवणं १४ जानेवारी २०२० ला बंद केलं. त्यानंतर सापडलेली भोकं उघडीच आहेत. क्रोमनंही २०२३ पासून विंडोज ७ साठी नव्या आवृत्त्या देणं बंद केलं. त्यावर अँटिव्हायरस विकणारे अजून आहेत, पण भिंतीलाच भगदाड असेल तर दाराशी पहारेकरी बसवून काय होणार? मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवत असेल. दीडशेहून जास्त देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटर त्यानं कुलूपबंद केले, इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ते ज्या भोकातून शिरलं ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिला होता. ज्यांनी तो टाकून घेतला ते वाचले. बळी पडलेल्यांत बहुतेक विंडोज ७ वाले होते. कोणी काही उघडलं नव्हतं, कुठं क्लिक केलं नव्हतं. एका मशीनमधून नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनमध्ये तो आपोआप चालत गेला. तुमच्या घरी डेस्कटॉप आणि लॅपटॉप एकाच वायफायवर आहेत, हे लक्षात घ्या.

म्हणून डेस्कटॉपचं इंटरनेट आजच काढा. वायर असेल तर वायर, वायफायचा डोंगल असेल तर तो उपसून ठेवा. पत्रिका काढायला आणि सोसायटीच्या हिशेबाला इंटरनेट लागत नाही, यजमानांना ते खुशाल करू द्या. बँक लॅपटॉपवर किंवा फोनवर. ते कुरकुरतील. 'इतकी वर्षं काही झालं नाही' म्हणतील. हिशेबाची एक प्रत मात्र त्या नव्या हार्ड डिस्कवर घ्या, कारण तिथं चोरापेक्षा डिस्कच्या म्हातारपणाची भीती जास्त आहे.

ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांच्यासाठी जाता जाता: त्याची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची मुदतवाढ दिली, पण ती मुदतवाढच आहे. इंटेलच्या सातव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे आपल्याकडे भरपूर खपलेला आय३-७०२०यू वगैरे, असेल तर विंडोज ११ रीतसर चढत नाही.

मग विकतचा अँटिव्हायरस कोणीच घेऊ नये का? घेणाऱ्यांना मी हसत नाही. घरात मुलं आहेत आणि त्यांनी काय बघायचं यावर लक्ष ठेवायचंय, किंवा अडचण आली की फोनवर मराठीत समजावणारा माणूस हवाय, तर त्यासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही. चार कॉम्प्युटरांवर टॅली आणि जीएसटीचं काम चालतं अशा छोट्या ऑफिसचं गणितही वेगळं आहे. तुमच्या घरात यातलं काही नाही.

फोनबद्दल एकच गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपवर 'लग्नपत्रिका' किंवा 'आरटीओ चलन' नावाची फाइल आली आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असेल, तर ती पत्रिकाही नाही आणि चलनही नाही, फोनमध्ये बसणारं अ‍ॅप आहे. ती उघडायची नाही, पाठवणारा नात्यातला असला तरी. त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो.

दुकानदाराशी वाईटपणा घेऊ नका, मिरजेत त्याची गरज पडणारच. त्याला म्हणा, अँटिव्हायरस नको, बाहेरची हार्ड डिस्क दे, आणि लॅपटॉपवर मी रोज वापरेन असं एक साधं खातं काढून दे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड वेगळा ठेवून. अनोळखी काही बसायला लागलं तर निदान पासवर्ड मागितला जाईल आणि तुम्ही थबकाल. तो पासवर्ड दुकानदारासमोर तुम्ही स्वतः टाका आणि घरातल्या वहीत लिहून ठेवा, त्याच्या वहीत नको. एक्सक्लूजन्सची यादी मात्र भाच्याला दाखवा. तुमच्या दुकानदारानंच ती भरलेली असेल, तर त्याला विचारण्यात अर्थ नाही.